एक काना

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात
परिचारिका संघाच्या कचेरीत,
सात रस्त्याजवळ, चष्म्याच्या दुकानावर,
पाचशे टॉवेल आले.
मीच मागवले होते. कल्पना माझीच.

माझं काम सांगायला सोपं, करायला चिवट:
अकराशे बेचाळीस सदस्यांना आठवण करून देणं
की त्या सदस्य आहेत.
वर्गणी, विमा, वेतनाचा मोर्चा, रक्तगटांची यादी,
तोच निरोप मराठीत, तेलुगूत, कानडीत.
तेलुगू रेणुका म्याकल तपासते,
रात्रपाळीत, दोन इंजेक्शनांच्या मधे,
आणि कळवते, "असं कुणी बोलत नाही गं."
मी निळ्या खुणा मोजत बसते.
पाहिलं चारशेजणींनी. उत्तर अकराजणींचं.
त्यातल्या तिघींचे नुसते जोडलेले हात.

म्हणून टॉवेल.
पत्रकात शेंगा बांधल्या जातात,
टॉवेल निदान खांद्यावर राहतो.
वर्गणी भरली त्या पाचशेजणींसाठी,
बारा मेला, पांढऱ्यावर निळं विणलेलं:
आम्ही जागतो.
दोनच शब्द. तीन आठवडे लागले होते.
सेवा, त्याग, माता
बैठकीत एकेक करून येत होते,
मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

गठ्ठा सोडला. वरचा उलगडला.
आम्ही जगतो.
दुसरा. जगतो. तळातला ओढून काढला.
पाचशेच्या पाचशे जगत होते.

अक्कलकोट रोडला गेले, भर त्रेचाळीस डिग्रीत.
नरसय्या बोद्दुल मागाच्या खडखडाटावरून ओरडले,
"काय कमी पडलं?"
"काना!" मी हवेत उभी रेघ ओढली.
त्यांना वाटलं, कानांचं काही म्हणते.
माग बंद केला.
मग जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ खाली घेतली,
बोटांनी भोकं चाचपत गेले
आणि थांबले. "इथं."
एका रेघेची भोकं पाडायचीच राहिली होती.
"पोरगा तेलुगू शाळेतला," म्हणाले.
थोड्या वेळाने, "पण मी वाचलं होतं.
मला वाटलं, बरोबरच आहे.
आमची बायको तीस वर्षं विड्या वळते,
कसं चाललंय विचारलं की हेच सांगते."

खजिनदार हत्तुरेबाईंनी बिल दोनदा वाचलं.
एस्तेर सिस्टरनी टॉवेल नाकाला लावला.
"खळ जास्त आहे. पहिल्या धुण्यात जाईल."
"आणि अक्षर?"
"ते कुठं जातंय."

मी मार्करने एक काना काढून पाहिला.
पाण्यात बुडवला तर निळा ओघळ
सलाइनच्या नळीसारखा खाली उतरत गेला.

वाटले मग. सगळे वाटले.
सिव्हिलच्या बाळंतिणींच्या वॉर्डात,
होटगी रोडच्या दवाखान्यांत,
बार्शीला, करमाळ्याला, एसटीच्या पार्सलने.
माफीचा मसुदा तिन्ही भाषांत तयार,
बटणावर अंगठा ठेवून मी जागी.
पहिली तक्रार रात्री सव्वादोनला आली:
"टॉवेल छान. जरा रुंद हवा होता."

महिनाअखेरीस मोहोळहून फोन.
तीन वर्षांची वर्गणी थकलेली सिस्टर.
तिच्या जोडीदारणीने आपल्या टॉवेलात
सातव्या महिन्यातलं एक बाळ गुंडाळलं होतं,
ते बावीस दिवसांनी घरी गेलं, टॉवेलासकट.
"आता तिला एक द्या. आणि मलाही.
थकलेलं सगळं भरते."

पावतीपुस्तक ओढलं. नाव विचारलं.
जाई कोळेकर.
काना दिला, परत एकदा पाहिला.

टॉवेल एकही उरला नव्हता.
नरसय्यांना फोन लावला, आणखी शंभर.
"पुठ्ठा दुरुस्त करून?" त्यांनी विचारलं.
पलीकडे माग चालूच होता,
मी काय म्हणाले
ते माझं मलाही ऐकू आलं नाही.